जिवाणू धातू खाऊन टाकत नाहीत : क्रोम, जस्त, पारा आणि सांडपाण्यात राबणारे सूक्ष्मजीव

पवनाकाठ

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या प्लेटिंग शॉपमध्ये (धातूच्या मालावर जस्त, निकेल, क्रोमचा मुलामा चढवणारी छोटी युनिटं) सध्या एक पावडर फिरते आहे. विकणारा सांगतो, "हे कल्चर ईटीपीत टाका, बॅक्टेरिया हेवी मेटल खाऊन टाकतील. स्लज बंद, केमिकल बंद." (कल्चर म्हणजे वाढवलेले जिवाणू, ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करायचा संच, स्लज म्हणजे त्यातला गाळ.) मी सांडपाणी प्रक्रियेच्या कामात आहे, त्यामुळे ओळखीचे लोक विचारतात, घेऊ का? फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा इथे फोरमवर नीट लिहितो, म्हणजे जाणकारांना भर घालता येईल.

जिवाणूंच्या मदतीने विषारी धातूंचं पाणी साफ करता येतं, यात शंका नाही. असे मोठे प्रकल्प जगात वर्षानुवर्षं चालले आहेत. पण साखर, स्टार्च, फिनॉल, इतकंच काय सायनाइडसुद्धा जिवाणू मोडू शकतात, कारण ती संयुगं आहेत. क्रोमियम, निकेल, कॅडमियम ही मूलद्रव्यं. ती मोडत नाहीत. शंभर ग्रॅम क्रोमियम टाकीत आलं तर शंभर ग्रॅम कुठेतरी सापडलंच पाहिजे, पाण्यात नाहीतर गाळात. जिवाणू फक्त त्याचं रूप बदलतात किंवा त्याला धरून ठेवतात. सगळा फायदा त्या रूप बदलण्यात आहे, आणि तो काही लहान नाही.

हेक्सा क्रोम घ्या, आपल्याकडे तोच जास्त भेटतो. सहा संयुजेचं क्रोमियम पिवळं, पाण्यात सहज विरघळणारं, पेशीत सल्फेटच्या वाटेने शिरणारं आणि कर्करोगाला कारण ठरणारं. तीन संयुजेचं हिरवट, पीएच सात-आठच्या पुढे गेला की हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसणारं, विषारीपणात कितीतरी खालचं. सहाचं तीन करायचं म्हणजे प्रत्येक अणूला तीन इलेक्ट्रॉन द्यायचे. ईटीपीत हे काम सोडियम मेटाबायसल्फाइट करतं. आम्ल टाकून पीएच दोन-अडीचवर आणायचा, मेटाबायसल्फाइट सोडायचं, पिवळ्याचं हिरवं झालं की चुना किंवा कॉस्टिक देऊन पीएच साडेआठच्या आसपास न्यायचा, गाळ बसवायचा आणि फिल्टर प्रेसमधून केक (पिळलेल्या गाळाची वडी) काढायचा. जिवाणू हेच इलेक्ट्रॉन मळीतून किंवा ॲसिटेटमधून काढून क्रोमियमला देतात, तेही पीएच सातच्या आसपास, आम्लाशिवाय. रोमानेंको आणि कोरेनकोव्ह या सोव्हिएत संशोधकांनी १९७७ साली अशा जिवाणूंवर लिहिलं. पुढे स्यूडोमोनास, बॅसिलस, एंटरोबॅक्टर, शेवानेला अशी यादी वाढत गेली.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर काचेच्या बरणीत बघता येतं. क्रोमच्या रिन्सचं (मुलाम्यानंतर माल धुतल्याचं) पातळ केलेलं पिवळं पाणी, जुन्या ईटीपीचा थोडा गाळ, चमचाभर मळी, आणि झाकण घट्ट. सुरुवातीला काहीच घडत नाही. मग गाळाला लागून असलेला पिवळेपणा आधी फिका पडतो आणि वरचा थर तसाच राहतो. हळूहळू बरणीभर पाणी मळकट होतं, आणि तळाशी करड्या-हिरव्या रंगाचा हलका थर जमतो. हेक्सा क्रोम असेल तर जांभळा रंग देणाऱ्या डायफिनाइल कार्बाझाइडचा थेंब टाकला की पहिल्या दिवशी गडद जांभळा होणारा नमुना आता रंगच धरत नाही. आणि तळाचा थर आम्लात विरघळवून मोजला, तर सगळं क्रोमियम तिथेच सापडतं.

आता हिशेब. मेटाबायसल्फाइट वापरलंत तर एक ग्रॅम हेक्सा क्रोमला निदान पावणेतीन ग्रॅम लागतं, वर आम्ल आणि मग ते आम्ल मारायला चुना. हा खर्च जिवाणू वाचवू शकतात. पण क्षपण (इलेक्ट्रॉन देऊन सहाचं तीन करणं) कुणीही केलं तरी एक ग्रॅम क्रोमियमचा हायड्रॉक्साइड सुका जवळजवळ दोन ग्रॅमच भरतो. चुन्याचा गाळ कमी होईल, जिवाणूंचा स्वतःचा वाढेल. तो केक धोकादायक कचराच राहणार आणि तळोजा-रांजणगावसारख्या अधिकृत ठिकाणीच जाणार. "स्लज बंद" म्हणणाऱ्याला विचारा, मग क्रोमियम गेलं कुठे?

जस्त, निकेल, कॅडमियम यांची संयुजा बदलून काही साधत नाही. तिथे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू लागतात. डिसल्फोव्हिब्रिओ आणि त्याचे भाऊबंद ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वसन करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो धातूला भेटला की धातूचा सल्फाइड होऊन खाली बसतो. हायड्रॉक्साइडच्या पद्धतीत प्रत्येक धातूचा पीएच वेगळा. क्रोमियम साडेआठला बसतं तेव्हा निकेल पुरतं बसलेलं नसतं, आणि निकेलसाठी दहाच्या वर गेलात तर क्रोमियम पुन्हा विरघळायला लागतं. सल्फाइड कितीतरी कमी विरघळतात आणि पीएच खाली असतानाही बसतात. शिवाय पाण्यातला सल्फेटही कमी होतो, जो चुन्याने एका मर्यादेखाली जात नाही. मात्र फुकट काही नाही. एक ग्रॅम जस्ताला अर्धा ग्रॅम हायड्रोजन सल्फाइड लागतो आणि तो तयार करायला साधारण एक ग्रॅम सीओडी (ऑक्सिजनच्या मापात मोजलेलं सेंद्रिय खाद्य). प्लेटिंगच्या पाण्यात सेंद्रिय असं फारसं नसतंच. म्हणजे जिवाणूंना वरून खाऊ घालावं लागणार. पावडरच्या पाकिटावर हे कुणी लिहीत नाही.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत समजा. हायड्रोजन सल्फाइड जीवघेणा वायू आहे. सडक्या अंड्याचा वास सुरुवातीला येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. टाक्या साफ करायला उतरलेली माणसं आपल्याकडे अशीच जातात. सल्फेटवाले जिवाणू बंद रिॲक्टरमध्ये, गॅस डिटेक्टर लावूनच चालवायचे. उघड्या टाकीत हा प्रयोग कुणीही करू नये.

जिगवाला

पवनाकाठ साहेब, मनापासून धन्यवाद. माझं छोटं शॉप आहे. झिंकची बॅरल लाइन, पॅसिव्हेशन (जस्तावर क्रोमचा संरक्षक थर) आणि एक निकेल-क्रोमचा बाथ (मुलाम्याच्या द्रावणाची टाकी). पावडरवाला माझ्याकडेही येऊन गेला. त्याचं म्हणणं, पाणी एकत्र करा, कलेक्शन टँकमध्ये कल्चर टाका, दोन-तीन आठवड्यांत रिझल्ट. माझं पाणी दिवसाला फार नाही, पण हेक्सा क्रोमचा रिपोर्ट कधी पास, कधी फेल. नोटीस आली की झोप उडते हो. सहा पोरं कामाला आहेत. मला खरं सांगा, माझ्यासारख्याला जिवाणूंचा काही उपयोग आहे का?

पवनाकाठ

जिगवाला, तुमच्या शॉपला नाही. स्पष्टच सांगतो.

तुमच्या क्रोमच्या रिन्सचा पीएच दोन-तीनच्या घरात, क्रोमियम लिटरला शेकडो मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं, आणि बाथ सांडला की हजारांत. त्यात जिवाणू तग धरत नाहीत. सोमवारी एक पाणी, गुरुवारी वेगळंच. जिवाणूंना एकसारखं पाणी, एकसारखं खाणं आणि वेळ लागतो. मेटाबायसल्फाइट योग्य पीएचला मिनिटांत काम करतं, जिवाणूंना तास लागतात आणि तेवढी मोठी टाकी. दिवसाच्या थोड्या पाण्याला रसायनच बरं.

तुमचा रिपोर्ट कधी पास कधी फेल होतो याचं कारण बहुधा पाणी एकत्र करण्यात आहे. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याची मर्यादा हेक्सा क्रोमला लिटरला ०.१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियमला २, निकेलला ३, जस्ताला ५. हेक्साची सगळ्यांत कडक. झिंक लाइनचं अल्कधर्मी पाणी क्रोमच्या पाण्यात मिसळलं की पीएच वाढतो आणि वाढलेल्या पीएचला मेटाबायसल्फाइट जवळपास काहीच करत नाही. तुम्ही ते ओतत राहता, हेक्सा तसाच पुढे जातो. क्रोमची पाइप आधी वेगळी काढा. बाकीचं त्यानंतर बोलू.

सायकल_आणि_वारा

आइंडहोव्हनला राहतो. धागा वाचून लिहायलाच हवं असं वाटलं, कारण पवनाकाठ म्हणतात तो सल्फेटवाल्या जिवाणूंचा कारखाना माझ्या रविवारच्या सायकलच्या टप्प्यात आहे. गावाचं नाव बुडेल-डॉर्पलाइन. १८९२ साली डोर नावाच्या बेल्जियन भावांनी इथे माळरानावर जस्ताचा कारखाना काढला आणि कामगारांसाठी गाव वसवलं. जुन्या भट्ट्यांची राख दशकानुदशकं या भागातल्या रस्त्यांवर भर म्हणून पसरली गेली. या केम्पेन प्रदेशात आजही बागेतल्या मातीत जस्त आणि कॅडमियम आहे का, हे लोक तपासून घेतात.

कारखान्याखालचं भूजल जस्ताने आणि सल्फेटने बिघडलं होतं. ते पसरू नये म्हणून उपसून काढायचं ठरलं, पण उपसलेल्या पाण्याचं करायचं काय? १९९२ साली पाक्स या डच कंपनीने तिथे जिवाणूंचा प्रकल्प उभा केला. जिवाणूंना खाऊ म्हणून इथेनॉल. ते सल्फेटचा सल्फाइड करतात, जस्त आणि कॅडमियम सल्फाइड होऊन बसतात. जास्तीचा सल्फाइड पुढच्या टाकीत वेगळे जिवाणू थोड्याशा हवेत गंधकात बदलतात. आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे जस्ताचा तो सल्फाइड पुरायला न्यावा लागत नाही, कारखान्याच्याच भट्टीत कच्चा माल म्हणून परत जातो. जस्ताचं खनिजही मुळात सल्फाइडच असतं, त्यामुळे भट्टीला फरक पडत नाही. दशकाच्या अखेरीस त्यांनी कारखान्यातल्याच दुसऱ्या एका आम्लयुक्त प्रवाहासाठी आणखी एक रिॲक्टर लावला, त्यात इथेनॉलऐवजी हायड्रोजन वापरला.

बाहेरून बघाल तर चार टाक्या आणि पाइप. पण तीस वर्षांपूर्वी कुणीतरी ही हिंमत केली, याचं मला फार कौतुक वाटतं.

पवनाकाठ

फार मोलाची भर. बुडेलचा प्रकल्प का टिकला ते यातून कळतं. पाणी भरपूर, जवळपास एकसारखं, धातू एकच मुख्य, आणि गाळाला शेजारीच गिऱ्हाईक. आपल्याकडे सीईटीपीत (अनेक कारखान्यांच्या सामाईक सांडपाणी केंद्रात) असं का होत नाही, तर तिथे शंभर कारखान्यांचं शंभर तऱ्हेचं पाणी येतं आणि त्यातून निघणाऱ्या मिश्र सल्फाइडला कुणी हात लावत नाही.

सूक्ष्मदर्शी

गोव्यातून. विषय माझ्या अगदी जवळचा आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

जिवाणूंना धातूंशी झुंजायची ताकद आपण दिलेली नाही, ती त्यांनी कमावली आहे. १९७६ साली बेल्जियममध्ये जस्ताच्या कारखान्याच्या गाळाच्या टाकीत एक जिवाणू सापडला, आज त्याला क्युप्रिएव्हिडस मेटॅलिड्युरान्स म्हणतात. त्याच्या दोन मोठ्या प्लास्मिडांवर (डीएनएच्या सुट्या कड्यांवर) धातू-प्रतिकाराची जनुकं आहेत. पेशीच्या आवरणात पंप बसवलेले असतात आणि आत आलेलं कोबाल्ट, जस्त, कॅडमियम ते सतत बाहेर फेकतात. इथेच एक गफलत होते. धातू सहन करणारा जिवाणू म्हणजे धातू साफ करणारा जिवाणू, असं नव्हे. जो धातू बाहेर फेकून जगतो त्याच्यामुळे पाण्यातलं प्रमाण कमी होईलच असं नाही. "आमचं कल्चर हेवी मेटल रेझिस्टंट आहे" असं कुणी सांगितलं तर त्यातून एवढंच कळतं की ते मरणार नाही.

पाऱ्याची गोष्ट मात्र फार सुंदर आहे. काही जिवाणूंकडे मेर नावाचा जनुकसंच असतो. त्यातलं एक एन्झाइम मिथिल पाऱ्यासारख्या सेंद्रिय संयुगातून पारा तोडून काढतं, दुसरं आयनरूपातल्या पाऱ्याला दोन इलेक्ट्रॉन देऊन धातुरूप पारा बनवतं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या संशोधकांनी, इरेने वाग्नर-ड्योब्लर यांच्या गटाने, हे प्रयोगशाळेत न ठेवता पारा वापरून कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यात नेलं. सातशे लिटरचा रिॲक्टर, आत सच्छिद्र दगडाचे खडे, त्यांच्यावर पाऱ्याला न जुमानणाऱ्या स्यूडोमोनासचा थर. पाणी आधी उदासीन करायचं, थोडी साखर आणि यीस्टचा अर्क द्यायचा. धातुरूप पारा बारीक थेंबांनी खड्यांमध्ये अडकून राहतो, उरलासुरला पुढचा कार्बन फिल्टर पकडतो. २०००च्या सुमारास हे प्रसिद्ध झालं. आपल्या इथे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही पारा सहन करणाऱ्या सागरी जिवाणूंवर त्याच काळात चांगलं काम झालं आहे.

आता सावधगिरीचं. वर सल्फेटवाल्या जिवाणूंचं कौतुक झालं ते जस्तापुरतं योग्यच. पण पाणी पाऱ्याचं असेल तर त्यांच्या वाटेला जाण्याआधी दहा वेळा विचार करा. त्यांच्यातलेच काही जिवाणू पाऱ्याला मिथिल गट जोडतात, आणि मिथिल पारा म्हणजे मिनामाटा. १९५६ साली जपानच्या त्या किनाऱ्यावर उघडकीला आलेला आजार माशांमार्फत माणसांत गेला होता. तिथला मिथिल पारा कारखान्यातच तयार झाला होता, पण खाडीच्या चिखलात तो जिवाणूही तयार करतात. त्यासाठी लागणारी दोन जनुकं २०१३ साली सापडली. ठाण्याच्या खाडीसारख्या ठिकाणी, जिथे चिखलात पाराही आहे आणि सल्फेटही भरपूर, "जिवाणू सोडून खाडी साफ करू" म्हणणाऱ्याला हे पहिल्यांदा विचारलं पाहिजे.

ओपीडी

डॉक्टर आहे, या क्षेत्रातली नाही. धातूला न जुमानणारे जिवाणू आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू यांचा संबंध असतो असं शिकल्याचं आठवतं. मग हे जिवाणू वाढवून नदीत सोडणं म्हणजे आगीशी खेळ नाही का?

सूक्ष्मदर्शी

ओपीडी ताई, अगदी योग्य प्रश्न. संबंध आहे. टीएन२१ नावाचा एक उडता जनुकखंड आहे, त्यावर पाऱ्याचा मेर संच आणि स्ट्रेप्टोमायसिन, सल्फोनामाइडविरोधी जनुकं शेजारी-शेजारी बसलेली असतात. पाण्यात पारा असला की तो खंड असलेले जिवाणू टिकतात, आणि प्रतिजैविकाचा एक थेंबही नसताना त्याविरुद्धचा प्रतिकार पसरतो.

म्हणून दोन गोष्टी. जिवाणू रिॲक्टरच्या आत, खड्यांवर किंवा जाळीवर चिकटवलेले असावेत, आणि बाहेर जाणारं पाणी वाळूच्या फिल्टरमधून आणि निर्जंतुकीकरणातून जावं. पण धातूचं पाणी प्रक्रिया न करता नाल्यात सोडलं तर हीच निवड नाल्यात होते, आणि तिथे फिल्टर नसतो. धोका दोन्हीकडे आहे. माझ्या मते न साफ केलेल्या पाण्याचा जास्त.

चेन्नईकर_मराठी

तमिळनाडूत वीस-एक वर्षं काढली. राणीपेटचं नाव अजून आलं नाही म्हणून लिहितो. तिथे चामड्याच्या कारखान्यांना लागणारी क्रोमियमची रसायनं बनवणारी एक कंपनी होती, तमिळनाडू क्रोमेट्स अँड केमिकल्स. १९९५ साली बंद पडली आणि लाखाहून जास्त टन क्रोमचा कचरा उघड्यावर ठेवून गेली. पाऊस पडला की ढिगाऱ्यातून पिवळं पाणी झिरपतं. जमिनीखालून ते पालार नदीच्या दिशेने सरकतं. आसपासच्या विहिरी गेल्या.

आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी तिथल्याच मातीतले जिवाणू वाढवून त्यांच्याकडून क्रोमचं क्षपण करून घेण्यावर बरंच काम केलं. भूजलाच्या वाटेत जिवाणूंची आडवी भिंत उभी करायची, म्हणजे वाहून येणारा हेक्सा तिथेच तीन संयुजेचा होऊन मातीत अडकेल, असा विचार. छोट्या प्रमाणावर ते साधलंही. पण वरचा ढिगारा जागेवर असेपर्यंत खाली भिंत बांधून किती दिवस पुरणार? तिथे गेलं की याची चीड येते. कचरा करणारा निघून गेला, आणि माती राखायचं काम बॅक्टेरियावर सोडलं आहे.

विहीरमालक

एमआयडीसीच्या खालच्या अंगाला आमची शेती आहे. विहिरीच्या पाण्याला मधूनमधून पिवळट झाक दिसते. वरचं वाचून धास्तावलो आहे. हे जे इथेनॉल नाहीतर मळी देऊन जिवाणू जागे करायचं म्हणता, ते विहिरीत करता येईल का? मळी आमच्या साखर कारखान्यातून सहज मिळते.

पवनाकाठ

कृपा करून विहिरीत मळी टाकू नका. तुमची कल्पना मुळात चुकीची नाही. कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावी हेच केलं जातं. तिथल्या गॅस कंप्रेसर स्टेशनने १९५२ ते १९६६ या काळात कूलिंग टॉवरमध्ये गंज लागू नये म्हणून हेक्सा क्रोम वापरलं आणि ते पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं. १९९६ साली त्या कंपनीने गावकऱ्यांना ३३ कोटी ३० लाख डॉलर दिले. नंतर तिथे बोअर मारून जमिनीखाली इथेनॉल सोडायला सुरुवात झाली. मातीतलेच जिवाणू त्यावर जगतात, ऑक्सिजन संपवतात आणि क्रोमियम तीन संयुजेचं होऊन मातीत बसतं. पण ऑक्सिजन संपला की मातीतलं मँगनीज, लोह आणि आर्सेनिकही सुटून पाण्यात येऊ शकतं. म्हणून तिथे चारही बाजूंना निरीक्षणाच्या विहिरी आहेत आणि सतत तपासणी चालते. एकट्या शेतकऱ्याने विहिरीत मळी ओतली तर पाणी कुजेल, मँगनीज सुटेल आणि क्रोमचं काय झालं ते कळणारही नाही.

तुम्ही आधी पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. डोळ्यांना पिवळं दिसायला लागतं तेव्हा ती कित्येक पटींनी ओलांडलेली असते. झाक क्रोमचीच असेल असं नाही, लोहाचीही असू शकते, पण खात्री होईपर्यंत ते पाणी माणसांना नको, जनावरांनाही नको. उकळून उपयोग नाही, उलट प्रमाण वाढतं. प्रयोगशाळेत "हेक्साव्हॅलंट क्रोमियम" आणि "टोटल क्रोमियम" असं दोन्ही लिहून मागा. स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत तोंडापर्यंत भरा. हेक्साच्या बाटलीत आम्ल घालू देऊ नका, बर्फात ठेवा आणि चोवीस तासांच्या आत पोचवा. रिपोर्ट हातात आला की प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शक्य असेल तर शेजारच्या दोन-तीन विहिरींचे नमुने त्याच दिवशी घ्या, म्हणजे पाणी कुठून येतंय त्याची दिशा कळते.

विहीरमालक

उद्याच बाटल्या भरतो. शेजारच्यांशी आत्ताच बोललो, त्यांचीही तयारी आहे.

एमएस्सी_भाग२

नमस्कार. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी हेक्सा क्रोमवर काम करायचं ठरतंय. आमच्याकडे आधीच्या बॅचने पोटॅशियम डायक्रोमेट (हेक्सा क्रोमचा क्षार) घातलेल्या न्यूट्रिअंट ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या पोषक द्रावणात) जिवाणू वाढवून ९५ टक्क्यांच्या वर रिमूव्हल दाखवलं होतं. तेच पुढे न्यावं का? मृत जिवाणूंवर धातू चिकटवण्याचंही वाचलं आहे.

सूक्ष्मदर्शी

प्रोजेक्ट जरूर कर, पण ते आकडे पुढे नेण्याआधी एक साधी चाचणी कर. त्याच ब्रॉथमध्ये जिवाणू न घालता क्रोम घालून ठेव, आणि एकात उष्णतेने मारलेले जिवाणू घाल. ब्रॉथमधल्या यीस्टच्या अर्कासारख्या सेंद्रिय घटकांनीही हेक्सा काही प्रमाणात कमी होतो. तो भाग वजा केल्याशिवाय जिवाणूंचं श्रेय किती ते कळत नाही. दुसरं, डायफिनाइल कार्बाझाइड फक्त हेक्सा दाखवतं. तो दिसेनासा झाला म्हणजे क्रोमियम गेलं, असं लिहू नकोस. एकूण क्रोमियम वेगळं मोज, पेशींतलं, गाळातलं आणि वरच्या पाण्यातलं, आणि तिन्हींची बेरीज सुरुवातीच्या आकड्याशी जुळते का ते बघ. तिसरं, जमलं तर खरं सांडपाणी आण. त्यात तेल असतं, सल्फेट असतं, दुसरे धातू असतात, आणि ब्रॉथमध्ये उत्तम चालणारे जिवाणू तिथे मान टाकतात. आकडा ४० टक्के आला तरी तो खरा असेल.

मृत जिवाणूंबद्दल. पेशीच्या भिंतीवरचे कार्बॉक्सिल, फॉस्फेट गट धातूचे आयन धरतात, त्याला पेशी जिवंत असायची गरज नाही. विषाची भीती नाही, खायला घालायला नको. पुण्याच्या आघारकर संस्थेत किशोर पाकणीकर यांच्या गटाने नव्वदच्या दशकात किण्वन उद्योगातून वाया जाणारं जैवद्रव्य वापरून शिसं आणि जस्त पकडण्यावर काम केलं होतं. अमेरिकेत त्याआधी अशी उत्पादनं बाजारातही आली, पण आयन एक्स्चेंजच्या रेझिनपुढे (पाण्यातले आयन धरणाऱ्या कृत्रिम दाण्यांपुढे) टिकली नाहीत. रेझिनचे दाणे सारखे, मजबूत आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारे. जैवद्रव्य चुरतं, आणि प्रत्येक बॅचचा गुण वेगळा. हा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. तुला काम करायला जागा आहे.

जिगवाला

पुन्हा मीच. शनिवारी क्रोमची लाइन वेगळी काढायला प्लंबरला बोलावलंय. दोन शंका आहेत. एक, माझा झिंक बाथ सायनाइडचा आहे. सायनाइड जिवाणू खातात असं वर लिहिलंय, मग तिथे तरी कल्चर चालेल का? दोन, पाणीच कमी करायचा काही मार्ग आहे का?

पवनाकाठ

सायनाइड जिवाणू खरोखर मोडतात. अमेरिकेत साउथ डकोटातल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीने १९८४ साली फिरत्या चकत्यांवर जिवाणू वाढवून सायनाइडचं पाणी साफ करायला घेतलं, आणि त्याच थरावर धातूही चिकटत होते. खालच्या ओढ्यात पुन्हा ट्राउट मासे आले. पण तिथलं सायनाइड खूप पातळ आणि पाणी अफाट. तुमच्या शॉपसाठी अल्कधर्मी पीएचला हायपोक्लोराइट, हीच सरळ वाट. सायनाइडचं पाणी आणि क्रोमचं आम्लाचं पाणी कधीही, चुकूनही एकत्र येता कामा नये. हायड्रोजन सायनाइड सुटतो आणि माणूस जागेवर जातो. प्लंबरला दोन्ही पाइप वेगळ्या रंगाने रंगवायला सांगा. आणि जमेल तेव्हा अल्कधर्मी, सायनाइडविरहित झिंकवर जा, पॅसिव्हेशन ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेच्या क्रोमचं) करा. गाड्यांच्या कंपन्या आता तेच मागतात, हेक्साचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

पाण्याचं सांगतो, हे तर सगळ्यांत फायद्याचं. बाथमधून जिगबरोबर (माल टांगायच्या चौकटीबरोबर) एक लिटर द्रावण बाहेर येतं असं धरा आणि ते हजारपट पातळ करायचंय. एकाच रिन्स टाकीत हजार लिटर पाणी लागेल. दोन टाक्या ठेवून पाणी उलट्या दिशेने वाहतं ठेवलं, म्हणजे स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत आणि तिथून ओसंडून पहिलीत, तर साधारण ३२ लिटर. तीन टाक्या केल्यात तर १०. त्याआधी जिग बाथवर जरा थांबवून निथळू द्या आणि पहिली टाकी वाहती न ठेवता ड्रॅगआउटची (मालाबरोबर निघालेलं द्रावण साठवायची) ठेवा, तिचं पाणी बाथची पातळी उतरली की परत बाथमध्ये घाला. जे क्रोमियम ईटीपीत गेलंच नाही त्याला मेटाबायसल्फाइटही नको आणि जिवाणूही नकोत.

जिगवाला

तीन टाक्यांना जागा नाही, दोन बसतील. टाक्या पीव्हीसीच्या चालतील ना?

पवनाकाठ

क्रोमच्या रिन्सला पीव्हीसी किंवा पॉलिप्रॉपिलीन दोन्ही चालेल. ओसंडायची पाइप मोठी ठेवा, आणि दुसऱ्या टाकीत पाणी तळाशी सोडा, वरून नको, नाहीतर ते न मिसळताच वरच्या वर निघून जाईल. पहिला रिपोर्ट आला की इथे आकडे टाका.